काजव्यांची शेवटची फेरी

आमच्या धरणाचं पाणी मे महिन्यात इतकं खाली जातं की होडीपर्यंत पोचायला पाहुण्यांना चपला हातात घ्याव्या लागतात. मी फोनवर आधीच सांगायचे, बूट घालून येऊ नका. तरी निम्मे लोक पांढरे बूट घालूनच यायचे. पाऊल गाळात रुतलं की एकमेकांना धरून हसायचे आणि होडीत बसल्यावर पाण्यात पाय सोडून धुवायचे. फेरीची सुरुवात नेहमी अशी हसत व्हायची.

माझं माहेर मुरबाडकडचं, टोकावड्याच्या अलीकडे. लग्न होऊन शहापूर तालुक्यात या धरणाकाठी आले. नवरा वाशिंदला कारखान्यात जातो, उजाडायच्या आत निघतो आणि अंधार पडल्यावर येतो. मला बोलायची हौस पहिल्यापासून. गावात पक्षी ओळखण्याचं शिबिर झालं, त्यात नावं शिकले आणि पाहुण्यांना पाण्यावर फिरवायला लागले.

होडी मात्र माझी नव्हती. ती पाण्यापलीकडच्या पाड्यावरच्या एका माणसाची. त्यांना मी भाऊ म्हणते आणि त्यांच्या बायकोला वयनी म्हणायचे. भाऊ वल्हवायचे, मी बोलायचे, वयनी पाड्यावर जेवण रांधायची. आमचा धंदा असा तिघांचा होता. गाड्या आमच्या गावात लागायच्या, कारण डांबरी रस्ता तिथेच संपतो. पाड्याला रस्ता नाही. चालत जायचं तर पाण्याला वळसा घालून, डोंगराच्या कुशीतून, दगडाधोंड्यांतून जावं लागतं. डोक्यावर ओझं असलं तर अर्धा दिवस त्यातच मोडतो. होडीनं सरळ गेलं तर मात्र पाडा समोर दिसतो तसाच जवळ आहे.

ऊन कलल्यावर आम्ही निघायचो. आधी पाण्यातल्या वठलेल्या झाडांकडे. त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. काठाच्या गाळात मातकट बगळ्यांसारख्या ढोकरी उभ्या असायच्या, जवळ जाईपर्यंत दिसायच्या नाहीत. नशीब असलं तर पाणी प्यायला आलेलं भेकर दिसायचं, नाहीतर रानडुकरांची रांग. मग सूर्य डोंगराआड गेला की भाऊ होडी डोंगरात शिरलेल्या पाण्याच्या एका अरुंद पट्ट्यात घ्यायचे, त्याला आम्ही खाडी म्हणतो. तिथे दोन्ही बाजूंनी ऐन, हिरडा आणि उंबराची झाडं पाण्यावर वाकलेली आहेत. आम्ही बॅटऱ्या बंद करायचो, फोन खिशात ठेवायला लावायचो आणि गप्प बसायचो. आधी एखादा काजवा. मग एखादी फांदी. मग अख्खं झाड एका लयीत पेटायचं आणि विझायचं, आणि पाण्यात खालीही तेच. कितीही बडबडे पाहुणे असले तरी तिथे आवाज खाली यायचा.

वयनी या फेरीला कधी आली नाही. एकदा मी आग्रह केला तर म्हणाली, "काजवं बघाया होडीत कशाला बसू गो? माज्या चुलीपाशी येतात ते. भाकरीच्या पिठात पडतात." ती माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. अंगानं बारीक, पण हंडा भरून चढ चढताना मला मागे टाकायची. पाहुण्यांची तिला गंमत वाटायची. "एवढंसं खातात आनि केवढं ताट मागतात," म्हणायची. माझं लेकरू तान्हं असताना मी त्याला घेऊन पाड्यावर जायचे. ती त्याला पाठीशी बांधून भाकऱ्या थापायची, कारण माझ्याकडे तो रडायचा आणि तिच्याकडे झोपायचा. सासरी मला जिच्याशी मनातलं बोलता आलं अशी ती एकच बाई.

तो शनिवार होता. पाहुणे पाच जण होते. एक नवरा-बायको, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि नवऱ्याचा मोठा भाऊ आणि भावजय. माणसं चांगली होती. मुलीला पक्ष्यांत खरंच रस होता, ती प्रत्येकाचं नाव दोनदा विचारत होती. तिचे काका थोडे कुरकुरे होते. होडीची फळी टोचते म्हणाले, डास फार आहेत म्हणाले. असे लोक रोजच भेटतात.

खाडीत पोचलो तेव्हा नुकता अंधार पडला होता. काजवे त्या दिवशी भरपूर होते. उकाडा होता, वारा पडलेला होता, असल्या हवेत ते जास्त दिसतात. मुलगी होडीच्या टोकाला बसली होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तो बघा तिकडे एक केवढा मोठा आहे."

मी वळून पाहिलं. खाडीच्या तोंडातून पाड्याचा काठ दिसत होता. तिथे एक उजेड हलत होता. डावीकडून उजवीकडे आणि परत. मग दुसरा उजेड आला, मग तिसरा.

भाऊंनी तोवर वल्हं पाण्यात घातलं होतं. "बॅटऱ्या हायेत," ते म्हणाले. "बोलवतात आपल्याला."

फोनला त्या खाडीत रेंज नसते. पाड्यावरही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच येते. म्हणून कोणाला होडी हवी असेल तर बॅटरी हलवायची, हा पाड्याचा रिवाज होता. कधी कोणाला ताप असायचा, कधी नुसताच पाव्हणा गावात सोडायचा असायचा. तीन बॅटऱ्या मात्र मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मुलीच्या काकांनी विचारलं, "झालं एवढ्यात? आता तर सुरू झालंय."

"पाड्यावर काहीतरी झालंय," मी म्हटलं. "जावं लागेल."

 एरवी एका जागी बसून शांतपणे वल्हवणारे भाऊ उभे राहून वल्हवायला लागले. होडी डुलली, पाहुण्यांनी कडा घट्ट धरल्या. काठ जवळ आला तशी माणसं ओळखू यायला लागली. भाऊंची म्हातारी आई होती. शेजारच्या बाया होत्या. भाऊंचा धाकटा भाऊ गुडघाभर गाळात पुढे आला होता. तो भिवंडीकडे कामाला असतो, जत्रेला नाहीतर लग्नाला घरी येतो. तो ओरडला, "दादा, वयनीला पान लागलं रे!"

आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. पाहुण्यांना ते कळलं नाही. मला आणि भाऊंना कळलं.

चूल धगधगती ठेवायला ती कुडाच्या बाजूच्या लाकडांतून फाटे काढायला गेली होती. हात घातला तिथेच घोणस होती. पंजाच्या वर डसली. दिरानं साप पाहिला, काठीनं बाजूला केला, म्हणून कोणता ते नक्की होतं. पाड्यावर सापाचं औषध देणारा एक म्हातारा आहे. लोकांनी आधी त्याला आणलं होतं. त्यानं हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे माजं काम नाय. दवाखान्यात न्या, लगेच न्या." पुढे कितीतरी दिवस मी हे आठवत राहिले. त्या म्हाताऱ्यानं क्षणही घालवला नाही. कोणीच घालवला नाही.

तिला चादरीच्या झोळीत घालून काठावर आणलं होतं. पण काठ आणि पाणी यांच्यात मे महिन्याचा तो गाळ होता. चार माणसं झोळी धरून त्यात उतरली आणि एकेक पाऊल उपसत आली. एकदा दीर पडला आणि झोळीचं एक टोक गाळात गेलं. वयनी ओरडली नाही. हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजून चकचकीत झाला होता.

होडीत सगळे मावणार नव्हते. मी पाहुण्यांना म्हटलं, "तुम्ही इथे उतरा. हिला आधी पलीकडे न्यायचंय."

मुलीचे काका म्हणाले, "इथे? अंधारात? आम्हाला आधी गावात सोडा, मग होडी मोकळीच आहे तुम्हाला."

ते दुष्टपणानं बोलले असं मला आजही वाटत नाही. घाबरले होते. पण ते ऐकून भाऊंचा हात वल्ह्यावर थांबला, आणि त्या एका क्षणात काय होईल याची मला भीती वाटली. तेवढ्यात धाकटे, म्हणजे त्या मुलीचे वडील, पाण्यात उडी टाकून उभे राहिले होते. बुटांसकट. "उतर," ते भावाला म्हणाले. "उतर आधी. मी गाडी काढतो, मी यांच्याबरोबर जातो."

त्यांची बायको, मुलगी, काका-काकू पाड्याच्या काठावर उतरली. बायांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. होडीत वयनी आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, दीर पायाशी, पुढे ते गृहस्थ, मुलीचे वडील. भाऊ वल्हवत होते. मी बॅटरी तिच्या तोंडावर पडू नये म्हणून बाहेर पाण्यावर धरली होती.

मधेच ती म्हणाली, "बाय, हात तुटल्यासारका दुकतो गो."

"पोचलोच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"भात चुलीवर हाय. आईला सांगितलं का कुनी, खाली उतरवाया?"

भाऊ मागून म्हणाले, "उतरवला असंल. तू बोलू नको."

गावच्या काठाला तसाच गाळ. पण तिथे हाकेनं माणसं आली आणि तिला उचलून गाडीत घातलं. गाडी सुरू झाली तेव्हा भाऊ दारात हात ठेवून उभे होते. आत बसायला जागा होती. पण ते गृहस्थ स्टिअरिंगवर हात ठेवून मागे वळून पाहत होते, आणि त्यांच्या मनात काय आहे ते दिसत होतं. त्यांची बायको आणि मुलगी पलीकडे अंधारात होती. त्या पाण्यावर अंधारात होडी नेता येणारा माणूस त्या वेळी एकच होता. दिराला वल्हवता येत नव्हतं. आमच्या गावातले लोक पाण्याकाठी राहतात, पण पाण्यावर जात नाहीत.

वयनीच म्हणाली. "तू जा. ती मानसा आन. जेवली पन नसतील."

"तू?" भाऊ म्हणाले.

"ही हाय ना बाय माज्यासंगं. जा रे."

त्यांनी दार लावलं. मागच्या काचेतून मी पाहिलं तर ते गाडीकडे बघत नव्हते, पाण्याकडे निघाले होते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते, सापाचं इंजेक्शन होतं. लगेच लावलं. या सगळ्यात कोणाचं चुकलं असं मला सांगता येत नाही, आणि तेच कधीकधी फार जड जातं. रात्रभर सलाइन चालू होतं. हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं, ते पहाटेपर्यंत थांबलं. ते गृहस्थ बाकावर बसून होते. त्यांच्या पँटवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. घरच्यांना गावातल्या कोणाच्या तरी घरी झोपायला जागा मिळाल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी डोळे पुसले. मला म्हणाले, "तुमचे ते भाऊ अंधारात परत गेले म्हणे. सगळ्यांना आणलं."

पुढचं मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. भाऊ पाड्यावर परत गेले तेव्हा पाहुणे ओट्यावर बसले होते, पुढे जेवणाची ताटं तशीच होती. म्हाताऱ्या आईनं वाढलं होतं, पण कोणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. भाऊ म्हणाले, "जेवा. तिनं केलंय." मग सगळे जेवले. काकाही जेवले. भाऊ तेवढा वेळ होडीत जाऊन बसले.

उजाडल्यावर ते मिळेल त्या पहिल्या जीपनं दवाखान्यात आले. वयनी जागी होती. हात काळानिळा पडला होता, पण ती बोलत होती, चहा मागत होती. "पाव्हनं पोचली का?" तिनं विचारलं. भाऊ नुसते मान हलवत राहिले. आम्हाला वाटलं, वाचली. मी घरी येऊन आंघोळ केली आणि सासूला सांगितलं, वाचली. पाड्यावर निरोप गेला, वाचली.

दोन दिवसांनी तिची लघवी बंद झाली. घोणशीचं विष असंच असतं, डॉक्टरांनी समजावलं, रक्त सावरतं आणि मागाहून मूत्रपिंड जातं. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथे डायलिसिस सुरू झालं. मी एकदा जाऊन आले. तिचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे दिसत नव्हते. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "हितं खिडकी नाय बाय. दिवस हाय का रात हाय, कळत नाय." मी तिला सांगितलं की दिवस आहे, बाहेर ऊन आहे. बराच वेळ तिचा चांगला हात धरून बसले. तिच्या नखांत अजून राख होती. नर्सनं उठवलं तेव्हा उठले.

त्याच दिवसांत माझा फोन सारखा वाजायचा. "काजवे आहेत ना अजून? या शनिवारी जागा आहे का?" मी म्हणायचे, संपले काजवे. खरं तर खाडीतली झाडं रोज लखलखत होती. पाड्यावरच्या बाया सांगायच्या.

ती गेली त्या दिवशी पाऊस अजून आला नव्हता. गाडी तिला आमच्या गावापर्यंत घेऊन आली. तिथून पुढे होडीच. गावातल्या चार जणांनी भाऊंना म्हटलं, तुम्ही बसा, आम्ही कसंतरी वल्हवतो. त्यांनी ऐकलं नाही. मीही होडीत होते. ते गृहस्थ कळताच आले होते, तेही होडीत बसले. या वेळी त्यांनी चपला काठावरच काढून ठेवल्या होत्या. भाऊंनी अख्खं पाणी एकाच चालीत पार केलं.  पलीकडे म्हातारी आई गाळाच्या कडेला बसली होती. होडी टेकली तेव्हा तिनं हाक मारली, सुनेला, नावानं. सासू सुनेला नावानं हाक मारते तशीच, काहीतरी काम सांगायला मारावी तशी. मला तेव्हा रडू फुटलं, तोवर आलं नव्हतं.

कार्य झाल्यावर मी पाड्यावर गेले. भाऊ होडीला डांबर लावत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई, एक सांगू? रागावू नको. दिस मावळला का होडी पाड्याला पायजे. ह्याच काठाला. मंग कुनी कितीबी द्या, मी न्यायचो नाय."

"काजव्यांची फेरी मग..."

"बंद. सकाळची पाखरा दाखव तू. मी वल्हवीन."

काजव्यांचे ते तीन आठवडे म्हणजे आमचा हंगाम. नवरा म्हणाला, दुसरी होडी बघू, दुसरा माणूस बघू. मला ते ऐकवलं नाही, आणि तरी एकदा मनात आलंही, खोटं कशाला सांगू. पण भाऊंशिवाय त्या खाडीत जायची कल्पना करून पाहिली आणि जमेना. मी त्यांना म्हटलं, बरं.

त्या पावसाळ्यानंतर पाणी भरलं तेव्हा त्यांनी आणखी एक काम सुरू केलं. रोज संध्याकाळी पाड्यावरच्या कोणालातरी होडीत बसवायचे आणि वल्हं हातात द्यायचे. आधी वयनीच्या धाकट्या जावेला, मग शेजारच्या बायांना. पुरुष कामाला बाहेर असतात, घरी बायाच असतात, म्हणून आधी बाया. काही हसायच्या, काही घाबरायच्या. होडी गोल गोल फिरायची. भाऊ पुढे बसून नुसतं "डावं, डावं" म्हणायचे. जावेला लवकर आलं. आता अंधारातही ती सरळ आमच्या गावच्या काठाला लागते.

गेल्या वर्षी तिनं एका अडलेल्या बाळंतिणीला असंच आणलं. मी काठावर होते, गाडी मीच बोलावली. पोरगी भाऊंच्याच नात्यातली, पहिलटकरीण. बाळ गेलं, आई वाचली. जाऊ मला म्हणाली, "लवकर आनली होती ना गो? लवकरच आनली ना?" मी म्हटलं, हो, लवकरच आणलीस.

सकाळच्या फेऱ्या चालू आहेत. थोडेच लोक येतात. भाऊ पूर्वीही फार बोलत नव्हते, आता माझ्याशीही कामापुरतंच बोलतात. पाहुण्यांपैकी कोणीतरी दर वेळी विचारतंच, इथे काजवे असतात ना, ते कधी दाखवता? मी सांगते, असतात, पण अंधार पडल्यावर आमची होडी पलीकडे असते. का ते बहुतेक जण विचारत नाहीत. विचारलं तर सांगते, पण भाऊंच्या देखत नाही. फेरी संपवून, पाहुणे पाय धूत असतात तेव्हा. तोवर होडी वळलेली असते आणि ते पाठमोरे पाड्याकडे निघालेले असतात.